कारखान्याची वेल

सुंदरराव साखर कारखान्याच्या निवडणुकीत पडले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं गावी आले. पाच वर्षं ते संचालक होते. तेवढ्या काळात कारखान्याची जीप त्यांना दारात आणून सोडायची, त्यामुळं तांबडवाडीच्या फाट्यावर उतरून चालत यायची त्यांची सवयच मोडली होती. त्या दिवशी ते चालत आले. एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

केशरबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. नवरा पडल्याचं त्यांना सकाळीच कळलं होतं. त्याबद्दल आपण होऊन काही बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून त्यांनी गोणपाटाकडं बघितलं.

“काय आणलंय?”

“वेल हाय. गेस्ट हाऊसच्या कमानीवर होती ना, ती. गुलाबी फुलं येतेत.”

“पाच वर्सं तुमी संचालक होते,” केशरबाई म्हणाल्या, “आन् घरी आणलं ते हे.”

सुंदररावांना हसू आलं. निकाल लागल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. केशरबाईंनाही हसू आवरलं नाही. त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं वेल लावली.

पहिल्या उन्हाळ्यात ती पार वाळून गेली. काडी मोडली तर कटकन तुटायची. गेली म्हणून केशरबाईंनी त्या जागेवर राखेची पाटी ओतायला सुरुवात केली. मृग लागून आठवडा झाला नाही तोच राखेतून चार लाल कोंब वर आले. महिनाभरात ते न्हाणीच्या भिंतीवर चढले आणि पोळ्याच्या आसपास सुंदररावांनी बांधलेल्या सगळ्या सुतळ्या संपवून ओट्याच्या खांबाला येऊन भिडले.

सुंदररावांना तेव्हा दुसरं काही कामच नव्हतं. शेत मुलानं बघायला घेतलं होतं. सकाळी चहाला येणारी माणसं यायची बंद झाली होती. ते बाजेवर बसून वेलीकडं बघायचे, कुठला फुटवा कुठं निघाला ते ध्यानात ठेवायचे, आणि दुपारी उठून त्याला सुतळी बांधून द्यायचे. एखादा फुटवा त्यांनी बांधलेल्या वाटेनं न जाता दुसरीकडंच गेला तर त्याचंही त्यांना कौतुक वाटायचं.

भाद्रपदात वेल फुलली. तिचं पान काळजाच्या आकाराचं, जरा सुरकुतलेलं. फुलं अगदी लहान, पातळ कागदाची केल्यासारखी, पण एका तुऱ्याला इतकी की पान दिसू नये. रंग गुलाबी. नवीन फूल गडद, जुनं फिकं, आणि दोन्ही एकाच तुऱ्यावर. तुऱ्याच्या टोकाला बारीक आकडे असत आणि त्या आकड्यांनीच ती पुढची जागा धरायची. केशरबाईंनी हे पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, “ही फुलांनीच चढती की वो.”

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या सणाला गावातल्या बायका परड्या घेऊन आल्या. अर्ध्या गावातल्या महालक्ष्म्यांमागं तांबडवाडीत कधी न दिसलेली गुलाबी आरास झाली. वेलीचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे तिला कारखान्याची वेल म्हणू लागले. कृषी कॉलेजात शिकणाऱ्या कुणीतरी ती आईस्क्रीमची वेल असल्याचं सांगितलं. ते नाव ऐकून सगळे हसले आणि विसरले.

दुसऱ्या वर्षी ती शेवग्यावर चढली.

परसातला तो शेवगा केशरबाईंनी स्वतः लावला होता. वर्षभर शेंगा द्यायचा. वेलीनं आधी त्याचं बूड धरलं, मग एकेक फांदी. श्रावणात शेवग्याचं पान दिसेनासं झालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय सुंदर गुलाबी झाड आहे. सोसाट्याचा वारा आला त्या दिवशी सगळं ओझं एका बाजूला कललं आणि शेवगा मधोमध मोडून पडला. वेलीला काही झालं नाही. ती पडलेल्या झाडावर तशीच फुलत राहिली.

“बगा तुमची वेल,” केशरबाई म्हणाल्या.

“शेवगा ठिसूळच असतो,” सुंदरराव म्हणाले.

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. सुंदरराव वेलीच्या बाजूनं आणि केशरबाई तिच्या विरुद्ध. ती खिडकीतून देवघरात शिरली. धुणं वाळत घालायची तार तिनं वेढली. दोन दिवस ओट्यावर पडलेल्या केरसुणीलाही तिनं धरलं. केशरबाई विळ्यानं कापायच्या आणि आठ दिवसांत एका कापाच्या जागी तीन फुटवे दिसायचे. शेवटी एका दिवाळीनंतर त्यांनी कुदळ घेतली आणि मूळ खणायला बसल्या. खाली रताळ्यांसारखे कंद निघाले, एकाला एक लागून, कमरेइतके खोल. पाटीभर कंद त्यांनी मागच्या भिंतीवरून पलीकडं फेकून दिले.

भिंतीपलीकडं गावची दूध संस्था होती. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं थोडी मोकळी जागा आणि बाजूला गावाच्या पाण्याची सिमेंटची टाकी. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन यायचे, सचिव बबनराव दूध मापून घ्यायचे आणि टेम्पो येऊन कॅन घेऊन जायचा. पत्रा इतका तापायचा की उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध टेम्पो येईपर्यंत टिकेल की नाही याची बबनरावांना रोज धास्ती असायची.

फेकलेले कंद तिथं रुजले. केशरबाईंनी आपल्या अंगणातून जे खणून काढलं होतं ते भिंतीच्या पलीकडून पत्र्यावर चढून त्यांच्याकडं बघू लागलं. आणि अंगणातलीही काही गेली नव्हती. हाताच्या बोटाएवढा एखादा कंद मातीत राहिला होता, तेवढा तिला पुरला.

अशी दहा-बारा वर्षं गेली. दरवर्षी केशरबाई खणायच्या, दरवर्षी ती यायची. गावात कुणाला काही चिवट म्हणायचं असेल तर लोक तिचं नाव घ्यायचे. शिव्या देत देतच केशरबाईंना तिचं सगळं कळून गेलं होतं. ती कुठल्या बाजूनं निघते, उन्हाच्या दिशेनं कशी वळते, किती दिवसांत किती वाढते. घरातल्या माणसाचं कळतं तसं.

मग दोन हजार बाराचा दुष्काळ आला.

पाऊस त्या साली आलाच नाही म्हटलं तरी चालेल. दिवाळीपर्यंत विहिरी तळाला गेल्या. संक्रांतीच्या सुमारास जनावरांना घालायला काडी उरली नाही. केजच्या रस्त्याला चारा छावणी उघडली तेव्हा गावातली सगळी गुरं तिकडं गेली आणि त्यांच्याबरोबर घरटी एकेक माणूस गेला. सुंदररावांच्या घरातून कोण जाणार हा प्रश्न निघाला तेव्हा मुलगा म्हणाला, गडी लावू. सुंदरराव म्हणाले, “गडी कावून? मी मोकळाच हाय की.”

त्यांचं वय तेव्हा सत्तरीला आलं होतं. एके काळी ते स्टेजवर बसून हार घालून घ्यायचे. आता दोन म्हशी, एक पारडी आणि बैलजोडी घेऊन ते छावणीत ताडपत्रीखाली राहायला गेले. चाऱ्याच्या पेंड्या आणायला स्वतः रांगेत उभे राहिले. त्यांना ओळखणाऱ्या एका माणसानं पुढं जायला सांगितलं, तर म्हणाले, “म्हशी माज्या हायेत, रांग मला लागू हाय.”

गावातली जनावरं गेल्यावर दूध संस्थेत दूध येईना. बबनरावांनी कुलूप लावलं. उघडं राहिलं ते फक्त टाकीचं अंगण. तिथं दिवसाआड टँकर यायचा आणि बायका सकाळपासून घागरी लावून बसायच्या.

केशरबाईंच्या अंगणातली वेल त्या हिवाळ्यातच वाळून गेली. न्हाणीचं पाणीच बंद झालं होतं. अंघोळीचं पाणी भांड्याला आणि भांड्याचं पाणी तुळशीला, अशी काटकसर चालली होती. पण भिंतीपलीकडची वेल वाळली नाही. टँकरची नळी टाकीत सोडताना चार तांबे पाणी सांडायचं, टाकीच्या बुडाला थोडं पाझरायचं, तेवढ्यावर ती जगली. नुसती जगली नाही. दोन्ही खोल्यांचा पत्रा झाकून, कुलपावरून, बोर्डावरून, पुढच्या दोन बाभळींवर जाऊन तिनं मांडव घातला आणि फाल्गुनाच्या उन्हात, आजूबाजूला सगळं राखेच्या रंगाचं असताना, ती फुलली.

लांबून रस्त्यावरून ते दिसायचं. नेकनूरहून येणाऱ्या जीपमधले लोक विचारायचे, हे लग्नघर कुणाचं. मधमाश्यांना तेवढी एकच जागा उरली होती. सकाळी सगळा मांडव गुणगुणायचा. बायका त्याच्या सावलीत घागरी लावून बसायच्या, निवडायचं धान्य तिथंच आणायच्या. त्यांच्यातल्या बायडाबाईची सून नुकतीच बाळंत झालेली. तिचं घर पत्र्याचं. तीही बाळाला घेऊन दुपारभर तिथंच यायची.

दगडाबाई तिथं आपल्या शेळ्या घेऊन यायची. ती धनगराची. तिचा नवरा म्हाळू मेंढरं घेऊन गोदावरीच्या बाजूला गेला होता. जी शेळी चालू शकणार नाही ती, आणि गाभण असलेल्या, तेवढ्या घेऊन दगडाबाई मागं राहिली होती. वेलीचं जे खाली लोंबायचं ते शेळ्या दोन पायांवर उभ्या राहून ओरबाडून खायच्या.

केशरबाई आठवड्यातून एकदा जीपनं छावणीत जायच्या. भाकरी, ठेचा, धुतलेलं धोतर. सुंदरराव वाळले होते, पण तब्येतीनं खणखणीत होते. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे:

“वेल कशी हाय?”

“मी कशी हाय ते इचारा आगुदर.”

“तू तर दिसायलीस की समोर. वेल कुटं दिसती?”

केशरबाईंनी रागानं सांगितलं, की घरची गेली आणि संस्थेवरची लग्नातल्या नवरीसारखी नटून बसली आहे. ऐकताना म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला, की त्यांचा राग तिथंच संपला. मग त्या बाजेवर बसून नीट सांगू लागल्या. किती फुललीय, बाभळीवर कशी गेलीय, बायका कशा बसतात. सुंदररावांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या ताडपत्रीतल्या माणसालाही बोलावून ऐकवलं.

त्याच आठवड्यात बबनराव त्यांच्या घरी आले. ते चांगले माणूस, पण संस्थेच्या प्रत्येक खिळ्याची काळजी करणारे.

“काकू, वेल काढायची हाय. टाकीच्या बुडात मुळ्या गेल्या तर टाकी फुटंल. दुष्काळात टाकी फुटली तर गाव कुटं जाणार? पत्राबी सडंल खालून.”

“मंग काढ की.”

“मी दोनदा कापली. दुप्पट आली. गावात हिचा इलाज माहीत हाय तो एकट्या तुमाला.”

हे ऐकून केशरबाईंना बरं वाटलं. इतकी वर्षं त्या एकट्याच हे काम करत आल्या होत्या आणि घरात कुणी त्याला काम म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विळा, कुदळ आणि पाटी घेऊन संस्थेच्या अंगणात आल्या.

त्यांनी टाकीच्या बाजूनं सुरुवात केली. विळ्याच्या एकेका हाताला गुलाबी ढीग खाली पडू लागला. दगडाबाई शेळ्यांना ढिगावर सोडून बाजूला बसली. मग म्हणाली, “बाई, समदी काढणार?”

“समदी. मुळासगट.”

“काढा. शेळ्यांची चार दिसांची सोय झाली,” दगडाबाई म्हणाली. पाचव्या दिवसाचं ती काही बोलली नाही.

कोवळं ऊन होतं तोवर कुणाला काही जाणवलं नाही. ऊन चढलं तशी जिथली वेल निघाली होती तिथली जमीन तापू लागली. बायकांनी घागरी उचलून जरा आत सरकवल्या. केशरबाई पुढं सरकल्या तशा घागरी आणखी आत सरकल्या. बायडाबाईच्या सुनेनं बाळाची झोळी एका फांदीवरून सोडून दुसऱ्या फांदीला बांधली. कुणी कुरकुर केली नाही. दूध संस्थेची जागा, सचिवानं सांगितलेलं काम, आणि सुंदररावांच्या घरची बाई. कुरकुर करणार कोण?

केशरबाई मूळ खणायला वाकल्या. वरून ऊन आणि खालून तापलेली माती. त्यांनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं, कारण टँकर यायचा होता. कुदळ तिसऱ्यांदा की चौथ्यांदा उचलली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. दगडाबाईनं त्यांना पडता पडता धरलं. बायकांनी उचलून त्यांना सावलीत नेलं, म्हणजे जी उरली होती त्या सावलीत. कुणीतरी आपल्या वाट्याचं तांब्याभर पाणी आणून थोडं तोंडावर मारलं, थोडं पाजलं.

“गप पडून ऱ्हावा,” दगडाबाई म्हणाली आणि पदरानं वारा घालू लागली.

केशरबाई पडून राहिल्या. बारा वर्षांत त्यांनी ही वेल नेहमी वरून बघितली होती, नाहीतर समोरून, हातात विळा घेऊन. आता ती त्यांच्या डोक्यावर होती. खालून पानं हिरवी दिसत नव्हती. उन्हानं आतून पेटल्यासारखी पिवळी दिसत होती, आणि त्यांच्यामधून फुलांचा उजेड खाली येत होता. बाळाच्या झोळीवर गुलाबी, दगडाबाईच्या हातावर गुलाबी. मधमाश्यांना खाली काय चाललंय याचं काही नव्हतं. एक तुरा वाऱ्यानं हलत हलत कापलेल्या बाजूला गेला होता आणि त्याच्या टोकाचा आकडा रिकाम्या हवेत काहीतरी शोधत होता. सकाळीच तिला अर्धी कापली होती, आणि ती आत्ताच पुढच्या कामाला लागली होती. केशरबाईंना आपल्या म्हाताऱ्याची आठवण आली. तो छावणीत रांगेत उभा असेल.

त्या उठून बसल्या तोवर बबनराव धावत आले होते.

“काकू, ऱ्हाऊ द्या आता. बाकीचं मी गडी लावून काढतो.”

“बाकीचं काढायचं न्हाई,” केशरबाई म्हणाल्या.

“आँ? आन् टाकी?”

“टाकीकडची काढलीय. मूळ मी बगितलंय, ते भिंतीच्या अंगाला हाय, टाकीच्या बुडात अजून गेलं न्हाई. टाकीकडं जेवढी येईल तेवढी मी कापीन. दर आठ दिसाला.”

“असं किती दिवस कापणार तुमी?”

“बारा वर्सं कापतेच हाय की, बबन.”

बायका हसल्या. बबनराव हसले नाहीत. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली, वाकून बुडाला हात लावून बघितला, खणलेल्या खड्ड्यात डोकावले. मग म्हणाले, “तडा दिसला की मात्र मी कुणाचं ऐकायचा न्हाई.”

“नको ऐकू. पहिली कुदळ मी मारीन.”

त्या दिवसापासून ते काम सुरू झालं. आठवड्यातून एकदा केशरबाई विळा घेऊन यायच्या, टाकीच्या बाजूचे सगळे फुटवे बुडापासून काढायच्या, आणि दगडाबाई ते गोळा करून शेळ्यांना घालायची. पहिल्या एक-दोन वेळी दोघींमध्ये अंतर होतं. दगडाबाई खाली बसायची, केशरबाई संस्थेच्या ओट्यावर. मग दगडाबाईनं सांगितलं की बाई, तुमी उलटं कापता, कोवळं मागं राहतं आणि जून शेळ्यांना येतं. केशरबाईंनी विळा तिच्या हातात दिला. मग कधी ती कापायची आणि केशरबाई गोळा करायच्या. दोघी एका तांब्यातून पाणी पिऊ लागल्या तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. तसाही त्या वर्षी गावात तांब्यात पाणी असणं हीच मोठी गोष्ट होती.

चैत्रात दगडाबाईच्या एका शेळीला दोन करडं झाली, मग दुसरीला एक. दुष्काळात व्यालेल्या शेळीला दूध कसं राहील याची तिला काळजी होती, पण राहिलं. थोडं, पण राहिलं. वाटीभर दूध तिनं बायडाबाईच्या सुनेला देणं सुरू केलं.

“वेलीचं दूध हाय हे,” ती म्हणायची. “शेळी नुसती मधी उभी हाय.”

हे सगळं केशरबाई छावणीत जाऊन सांगायच्या. सुंदरराव आधी वेलीचं विचारायचे, मग करडांचं, आणि मग त्यांच्या ध्यानात येऊन म्हणायचे, “आन् तू? चक्कर येती का अजून?” केशरबाई म्हणायच्या, “न्हाई.” एकदा त्या म्हणाल्या, “ती खालून बगायला पाहिजे. तुमी कदी खालून बगितलीच न्हाई. तुमी बाज दूर टाकत होते.”

पुढच्या मृगात पाऊस वेळेवर आला. छावण्या उठल्या. सुंदरराव दोन म्हशींतली एक, पारडी आणि बैलजोडी घेऊन गावात शिरले. दुसरी म्हैस छावणीतच दगावली होती. ते आधी घरी आले नाहीत. जनावरं मुलाच्या हातात देऊन ते संस्थेच्या अंगणात गेले आणि मांडवाखाली जमिनीवर उताणे पडले. तिथं तेव्हा चार-दोन माणसं होती. माजी संचालक असे पडलेले बघून ती जरा घाबरलीच. केशरबाई धावत आल्या तर म्हातारा डोळे उघडे ठेवून वर बघत होता.

“खरंच की गं,” ते म्हणाले.

“उटा आता. लोकं बगायलेत.”

“बगू दे. त्यांनाबी पडायला सांग.”

संस्था पुन्हा सुरू करायची तर आधी दार शोधावं लागलं. बबनराव, केशरबाई आणि दगडाबाई यांनी मिळून कुलपापर्यंत वाट केली. बोर्ड मोकळा केला. आत गेल्यावर बबनराव आतल्या खोलीत उभे राहिले आणि भिंतीला हात लावून बघू लागले. भिंत थंड होती. पुढच्या उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध टेम्पो येईपर्यंत चांगलं राहू लागलं तेव्हा तर त्यांनी पत्रा बदलायचा विषयच सोडून दिला. पत्रा एका कोपऱ्यात खरंच सडला होता. तिथं त्यांनी दुसरा तुकडा ठोकला आणि वेलीला त्या कोपऱ्यातून दूर ठेवायला केशरबाईंना सांगितलं.

ती दूर राहिली नाही. कुणाचं ऐकणं तिच्या स्वभावातच नव्हतं. बबनरावांच्या स्वतःच्या लिंबोणीवर ती गेली आणि लिंबोणी मेली. एकदा तिच्या गर्दीत धामण निघाली आणि तासभर कुणी दूध घालायला पुढं येईना. केशरबाईंच्या अंगणातल्या वाळलेल्या बुडातूनही पुन्हा लाल कोंब आले. त्यांनी ते बघितले, शिवी दिली आणि एक सुतळी आणून खांबाला बांधली.

म्हाळू मेंढरं घेऊन परत आला, पण थोडीच मेंढरं परत आली होती. त्या नवरा-बायकोचं कसं होणार याचा विचार केशरबाई आठ दिवस करत होत्या. मग एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याकडं विषय काढला.

“पारडी दगडाबाईला द्यायची. अर्धलीनं.”

अर्धलीनं म्हणजे एकानं जनावर द्यायचं, दुसऱ्यानं सांभाळायचं, आणि पुढं जे होईल त्यात दोघांचा निम्मा वाटा. सुंदररावांनी छावणीत त्या पारडीला स्वतःच्या हातानं पेंड्या तोडून घातल्या होत्या.

“ती सांभाळील?”

“कापलेल्या वेलीवर तिनं शेळ्या जगवल्या. आपली म्हैस छावणीत जगली न्हाई.”

“दे,” सुंदरराव म्हणाले.

पारडी दगडाबाईकडं गेली, मोठी झाली, गाभण राहिली आणि तीन वर्षांनी व्याली. मधल्या काळात पुन्हा एक दुष्काळ येऊन गेला होता, आणि त्यातही टाकीच्या बाजूची कापणी चुकली नव्हती. दगडाबाई दूध संस्थेची सभासद झाली. तिच्या घरातून आजवर कुणी सभासद झालं नव्हतं. पहिल्या दिवशी ती किटली घासून इतकी लवकर आली की बबनरावांनी अजून दार उघडलं नव्हतं. भाद्रपदातली सकाळ होती आणि मांडव भरून फुलला होता. केशरबाई शिडीवर चढून टाकीच्या अंगाचे फुटवे काढत होत्या. सुंदरराव खाली शिडी धरून उभे होते आणि एकेका फुटव्याला, हा ऱ्हाऊ दे, हा ऱ्हाऊ दे, म्हणत होते.

“यांचं ऐकलं तर टाकी दिसायची न्हाई,” केशरबाई वरूनच म्हणाल्या. “लई लवकर आलीस गं.”

“झोपच लागली न्हाई, अक्का,” दगडाबाई म्हणाली.

तिनं किटली ओट्यावर ठेवली आणि झाकणावर पडलेली फुलं बोटानं बाजूला केली. वरून आणखी पडली. दोनदा तसं झाल्यावर तिनं पदराचं टोक किटलीवर झाकलं आणि बबनरावांची वाट बघत मांडवाखाली उभी राहिली.